छोट्या उद्योगाचे रोख अंदाजपत्रक : वायगावच्या हळदीच्या निमित्ताने

एखादा छोटा उद्योग बंद पडला की तो तोट्यात गेला असला पाहिजे, असा सर्वसाधारण समज असतो. वह्या उघडून पाहिल्या तर पुष्कळदा निराळेच आढळते. माल चांगला असतो, गिऱ्हाईक असते, विक्रीची किंमत खर्चाहून अधिक असते आणि वर्षाच्या हिशेबात नफाही दिसतो. परंतु ज्या दिवशी कच्चा माल घ्यावयाचा, मजुरी द्यावयाची किंवा बँकेचा हप्ता भरावयाचा, नेमक्या त्याच दिवशी पेटीत पैसा नसतो. मग उसनवारी होते, चढ्या व्याजाचे कर्ज निघते, एखादा हंगाम हुकतो आणि चांगला चाललेला व्यवसाय दोन वर्षांत थंडावतो. यातील बराच भाग टाळता येण्यासारखा आहे. त्यासाठी लागणारे साधन म्हणजे रोख अंदाजपत्रक. पुढील बारा महिन्यांत कोणत्या महिन्यात किती रोकड हाती येईल आणि किती बाहेर जाईल, याचा आगाऊ मांडलेला हिशेब, एवढाच त्याचा अर्थ आहे.

हिशेबाची वर्ध्याची परंपरा

वर्धा जिल्ह्याला हा विषय परका नाही. डिसेंबर १९३४ मध्ये महात्मा गांधींच्या मार्गदर्शनाखाली अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली आणि वर्ध्यातील मगनवाडी हे त्याचे केंद्र बनले. संघाची धुरा ज्यांनी वाहिली ते जे. सी. कुमारप्पा हे व्यवसायाने हिशेबतपासनीस होते. लंडनमध्ये त्यांनी हिशेबशास्त्राचे शिक्षण घेतले आणि पुढे अमेरिकेतील सिराक्यूज व कोलंबिया या विद्यापीठांत व्यवसाय प्रशासन आणि सार्वजनिक वित्तव्यवहार यांचा अभ्यास केला. १९३४ च्या जानेवारीत बिहारमध्ये भूकंप झाला, तेव्हा मदतकार्याच्या पैशाचा हिशेब चोख राहावा म्हणून हे काम त्यांच्यावरच सोपविण्यात आले होते. घाणी, हातकागद, मधमाशापालन यांसारख्या उद्योगांच्या प्रयोगांना मगनवाडीत हिशेबाची शिस्त होती, ती अशा माणसामुळे. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते उघडलेले मगन संग्रहालय आजही त्या काळाची साक्ष देते. २००८ पासून वर्ध्यातच महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था ग्रामोद्योगांच्या तंत्रज्ञानाचे काम करीत आहे. तंत्र कितीही सुधारले तरी उद्योग तगतो तो हिशेबावर, हा मगनवाडीचा धडा मात्र जुना झालेला नाही.

नफा आणि रोकड यांतील अंतर

नफा आणि रोकड या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हे प्रथम स्पष्ट झाले पाहिजे. माल उधारीने विकला की वहीत विक्री नोंदली जाते व नफा दिसू लागतो. परंतु पैसा दोन महिन्यांनी येतो. सहा महिने पुरेल इतका कच्चा माल आज घेतला तर पैसा आजच जातो. नफ्यातोट्याच्या हिशेबात मात्र जेवढा माल विकला तेवढ्याचीच किंमत खर्ची पडते. कर्जाच्या मुद्दलाची परतफेड हा नफ्यातोट्याच्या दृष्टीने खर्च नव्हे, तरी त्यासाठी रोकड लागतेच. उलट कर्जाची रक्कम हाती आली म्हणजे पेटी भरते, पण ते उत्पन्न नसते. यंत्राची झीज वहीत दरवर्षी खर्च म्हणून दाखविली जाते. तिच्यापोटी त्या वर्षी एक पैसाही बाहेर जात नाही. यंत्राची संपूर्ण किंमत मात्र ते घेतले त्याच दिवशी गेलेली असते.

म्हणून प्रत्येक व्यावसायिकाला दोन प्रश्नांची उत्तरे स्वतंत्रपणे द्यावी लागतात. धंदा परवडतो काय, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर नफ्यातोट्याचे पत्रक देते. धंदा येत्या बारा महिन्यांत कोठे अडेल काय, हा दुसरा. त्याचे उत्तर रोख अंदाजपत्रकावाचून मिळत नाही.

हळदीचे वर्ष

समुद्रपूर तालुक्यातील वायगाव हे गाव हळदीसाठी इतके प्रसिद्ध आहे की त्याच्या नावापुढे ‘हळद्या’ हा शब्द जोडला गेला आहे. वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली. गडद रंग आणि कुरकुमिनचे अधिक प्रमाण ही तिची ओळख होय. या हळदीवर प्रक्रिया करून पूड विकणारे छोटे उद्योग रोख प्रवाहाच्या अभ्यासास फार सोयीचे आहेत, कारण त्यांचे वर्ष हंगामाने बांधलेले असते.

हळदीचे बेणे जूनच्या सुमारास जमिनीत जाते. पीक आठ ते नऊ महिन्यांचे. जानेवारी-फेब्रुवारीत काढणी होते. त्यानंतर कंद उकडणे, उन्हात वाळविणे आणि घोटून चकाकी आणणे ही कामे चालतात. सुकी हळकुंडे हाती येतात ती मुख्यतः मार्च-एप्रिलमध्ये. पूड करणाऱ्याला वर्षभराचा माल याच दिवसांत घ्यावा लागतो, कारण तेव्हा माल निवडीला भरपूर असतो आणि शेतकऱ्यालाही पैशाची निकड असते. विक्री मात्र बारा महिने थोडीथोडी होते. पैसा जातो दोन महिन्यांत आणि परततो बारा महिन्यांत, हे या धंद्याचे मूळ लक्षण आहे.

गिऱ्हाइकांच्या हातातील पैसाही जिल्ह्यात सारखा वाहत नाही. सोयाबीन बाजारात येते ते दसरा-दिवाळीच्या सुमारास. कापसाची वेचणी त्यानंतर पुढे अनेक आठवडे चालते. तूर जानेवारीनंतर येते. या काळात खेड्यातील दुकानदाराची वसुली चांगली होते. जून ते सप्टेंबर हे महिने पेरणी, खत आणि निंदणी यांच्या खर्चाचे. पोळ्याच्या सुमारास गावात खरेदी दिसते, पण तीतील बराच भाग उधारीचा असतो. दुकानदाराची वसुली थांबली की तो पूड पुरविणाऱ्याचे पैसेही थांबवितो. आर्वीच्या किराणा दुकानदाराकडून जानेवारीत दोन महिन्यांत येणारी रक्कम ऑगस्टमध्ये तीन महिने घेईल, हे गृहीत धरूनच अंदाज बांधावा लागतो.

अंदाजपत्रक कसे मांडावे

एका मोठ्या कागदावर बारा महिन्यांचे बारा स्तंभ आखावेत. सर्वांत वर महिन्याच्या आरंभीची शिल्लक लिहावी. तिच्याखाली त्या महिन्यात प्रत्यक्ष हाती येणारी रोकड लिहावी : रोख विक्री, मागील उधारीची वसुली, सभासदांची वर्गणी, कर्ज किंवा अनुदान. त्याखाली प्रत्यक्ष जाणारी रोकड : कच्चा माल, दळण, वेष्टने, मजुरी, वाहतूक, भाडे, वीज, व्याज, हप्ते, कर आणि घरखर्चासाठी उचललेली रक्कम. आरंभीच्या शिल्लकेत जमा मिळवून खर्च वजा केला की महिनाअखेरची शिल्लक निघते. तीच पुढील महिन्याची आरंभीची शिल्लक होय.

यात तीन पथ्ये पाळावीत. पहिले, विक्री झाली तो महिना न धरता पैसा मिळेल तो महिना धरावा. दुसरे, मंजूर झालेले परंतु खात्यावर न आलेले अनुदान जमेस धरू नये. अनुदानाच्या भरवशावर खरेदी करून अडचणीत आलेले उद्योग कमी नाहीत. तिसरे, घरची पेटी व धंद्याची पेटी वेगळी ठेवावी. मुलांची फी किंवा लग्नाचा आहेर धंद्याच्या गल्ल्यातून गेला तर त्यात गैर काही नाही, पण तो ‘घरखर्चाची उचल’ म्हणून लिहिला गेला पाहिजे. एरवी अंदाज चुकतो आणि तो का चुकला हेही कळत नाही.

एक उदाहरण

दहा महिलांच्या एका बचत गटाने हळद पुडीचा उद्योग सुरू केला, असे समजू. पुढील आकडे हिशेब समजावा म्हणून सोयीचे घेतले आहेत. ते बाजारभाव नव्हेत. गटाजवळ स्वतःचे ५०,००० रुपये आहेत. मार्चमध्ये ६०० किलो व एप्रिलमध्ये ६०० किलो हळकुंडे किलोला १५० रुपये दराने घ्यावयाची आहेत, म्हणजे दर महिन्याला ९०,००० रुपये. दळणात शेकडा ४ घट धरली तर वर्षात १,१५२ किलो पूड, म्हणजे महिन्याला ९६ किलो. किलोला २५० रुपये दराने महिन्याची विक्री २४,००० रुपये होते. दळण, पाकिटे, मजुरी, वाहतूक व इतर मिळून दरमहा ६,५०० रुपये खर्च येतो.

प्रथम नफा पाहू. वर्षाची विक्री २,८८,००० रुपये. हळकुंडांची किंमत १,८०,००० रुपये. इतर खर्च ७८,००० रुपये. नफा ३०,००० रुपये. व्याजाचा विचार अद्याप केलेला नाही. धंदा परवडतो, यात शंका नाही.

आता रोकड पाहू. निम्मी विक्री रोखीने होते आणि निम्मी दोन महिन्यांच्या उधारीने. म्हणजे मार्च व एप्रिलमध्ये प्रत्येकी १२,००० रुपयेच हाती येतात. मे महिन्यापासून मागील उधारी वसूल होऊ लागल्याने दरमहा २४,००० रुपये येतात. महिनाअखेरची स्थिती अशी राहते :

मार्च : जमा १२,०००, खर्च ९६,५००, अखेर तूट ३४,५००
एप्रिल : जमा १२,०००, खर्च ९६,५००, अखेर तूट १,१९,०००
मे : जमा २४,०००, खर्च ६,५००, अखेर तूट १,०१,५००
जून : अखेर तूट ८४,०००
जुलै : अखेर तूट ६६,५००
ऑगस्ट : अखेर तूट ४९,०००
सप्टेंबर : अखेर तूट ३१,५००
ऑक्टोबर : अखेर तूट १४,०००
नोव्हेंबर : अखेर शिल्लक ३,५००
डिसेंबर : अखेर शिल्लक २१,०००
जानेवारी : अखेर शिल्लक ३८,५००
फेब्रुवारी : अखेर शिल्लक ५६,०००

जून ते फेब्रुवारी या प्रत्येक महिन्यात मे महिन्याप्रमाणेच २४,००० जमा व ६,५०० खर्च आहे. पडताळा घेणेही सोपे आहे. आरंभीचे ५०,००० अधिक नफ्याचे ३०,००० म्हणजे ८०,०००. त्यातून जानेवारी व फेब्रुवारीची अद्याप न आलेली उधारी २४,००० वजा केली की ५६,००० राहतात.

या साध्या तक्त्यातून चार गोष्टी कळतात. गटाला आपल्या पैशाखेरीज जास्तीत जास्त १,१९,००० रुपये लागतील. ही वेळ एप्रिलअखेर येईल. तूट आठ महिने राहील. आणि नोव्हेंबरपासून धंदा स्वतःच्या पैशावर चालू लागेल. कर्ज किती, केव्हा आणि किती मुदतीचे, या तीनही प्रश्नांची उत्तरे येथे मिळतात. तक्ता मांडलाच नसता, तर ‘वर्षाला तीस हजार नफा आहे’ एवढ्याच माहितीवर गट एप्रिलच्या खरेदीला निघाला असता.

सुरक्षिततेसाठी थोडी भर घालून १,३०,००० रुपयांची कर्जमर्यादा मागणे योग्य ठरेल. खरेदीच्या महिन्यांत महिन्याऐवजी आठवड्याचा अंदाज करावा, कारण महिनाअखेरची तूट मर्यादेत असली तरी महिन्याच्या मध्यावर ती मर्यादेबाहेर गेलेली असू शकते. हळकुंडांचे पैसे पाच तारखेला द्यावयाचे आणि रोख विक्री महिनाभर होणार, हा फरक महिन्याच्या तक्त्यात दिसत नाही.

तुटीचे मोल

वरील आठ महिन्यांच्या अखेरच्या तुटींची बेरीज ५,००,००० रुपये होते. दरमहा शेकडा एक व्याज धरले तर, व्याजावरील व्याज सोडून, वर्षाचे व्याज सुमारे ५,००० रुपये येईल आणि नफा २५,००० रुपये उरेल. हीच तूट आयत्या वेळी सावकाराकडून दरमहा शेकडा तीन दराने भागविली तर व्याज १५,००० रुपये होईल, म्हणजे निम्मा नफा त्यात जाईल. माल तोच, कष्ट तेच. फरक पडला तो बँकेत फेब्रुवारीत जाण्याने किंवा सावकाराकडे एप्रिलमध्ये जाण्याने. आगाऊ अंदाजाची खरी किंमत येथे दिसते.

उधारी लांबली तर काय होते, तेही पाहण्याजोगे आहे. दुकानदारांनी दोनऐवजी चार महिन्यांनी पैसे दिले, तर मे व जूनमध्येही केवळ १२,००० रुपयेच येतात. सर्वाधिक तूट एप्रिलअखेरची १,१९,००० रुपयेच राहते. परंतु जूनअखेर ती ८४,००० ऐवजी १,०८,००० असते आणि ऑक्टोबरऐवजी डिसेंबरअखेरपर्यंत टिकते. शेकडा एक दराने व्याज सुमारे ६,५५५ रुपये होते, म्हणजे १,५५५ रुपयांची भर. त्याहून गंभीर परिणाम पुढेच आहे. फेब्रुवारीअखेर, व्याज सोडून, ५६,००० ऐवजी ३२,००० रुपयेच उरतात आणि पुढील मार्चची खरेदी दारात उभी असते. २४,००० रुपये बुडालेले नाहीत. ते दुकानदारांच्या फळ्यांवर आणि गल्ल्यांत अडकलेले आहेत. तेवढ्या रकमेत १६० किलो हळकुंडे आली असती.

तूट कमी करण्याचे मार्ग

कर्ज काढण्यापूर्वी तूटच कमी करता येईल काय, याचा विचार व्हावा. त्यासाठी तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग वसुली जवळ आणण्याचा. प्रत्येक बिलावर देय तारीख लिहावी, उधारीची वही दुकानवार ठेवावी व ती दर आठवड्याला पाहावी. पूर्वीचे देणे चुकते झाल्यावाचून नवा माल न देण्याचा नियम पहिल्या दिवसापासून सांगितला तर तो टिकतो. सहा महिन्यांनी सांगितला तर भांडण होते. रोख घेणाऱ्याला थोडी सूट देण्यापूर्वी ती सूट व्याजाच्या बचतीहून महाग पडत नाही ना, हे पाहावे. दोन महिने आधी मिळणाऱ्या पैशासाठी शेकडा दोनहून अधिक सूट देणे वरील उदाहरणात परवडणार नाही.

दुसरा मार्ग देणे विभागून देण्याचा. गटाने शेतकऱ्यांशी ठरवून निम्मी किंमत खरेदीच्या वेळी व निम्मी दोन महिन्यांनी दिली, म्हणजे मार्चच्या मालाची मे महिन्यात व एप्रिलच्या मालाची जूनमध्ये, तर सर्वाधिक तूट १,१९,००० वरून ८४,००० रुपयांवर येते आणि व्याज ५,००० वरून सुमारे ३,३०५ रुपयांवर उतरते. मात्र येथे शेतकऱ्याचेही रोख अंदाजपत्रक विचारात घ्यावयास हवे. त्याला जूनमध्ये बेणे, खत व मजुरी यांसाठी पैसा लागतो. दुसरा हप्ता पेरणीच्या आधी हाती पडला तर व्यवहार दोघांच्याही सोयीचा होतो. तो जुलैपर्यंत रेंगाळला तर गटाची अडचण फक्त शेतकऱ्याच्या दारात नेऊन टाकली, असे होईल. व्याजात वाचलेल्या १,६९५ रुपयांतून थांबणाऱ्या शेतकऱ्याला काही वाढीव भाव देणे न्याय्य ठरेल. असा करार लेखी असावा.

तिसरा मार्ग मोठा खर्च योग्य महिन्यात करण्याचा. नोव्हेंबरमध्ये तूट संपताच नवे दळणयंत्र घेण्याचा मोह होतो. त्या महिन्यात शिल्लक ३,५०० रुपये आहे. यंत्रासाठी दीर्घ मुदतीचे कर्ज वेगळे घ्यावे. खेळत्या भांडवलाची रोकड यंत्रात गुंतवू नये. फेब्रुवारीअखेरची ५६,००० रुपयांची शिल्लक हाही वाटून घेण्याचा नफा नव्हे. तीत पुढील खरेदीचे ५०,००० रुपये दडलेले आहेत.

बँकेकडे जाताना

लघुउद्योगांना लागणाऱ्या खेळत्या भांडवलाचा विचार करण्यासाठी रिझर्व्ह बँकेने डिसेंबर १९९१ मध्ये नायक समिती नेमली. तिचा अहवाल १९९२ मध्ये आला. समितीच्या सूत्रानुसार छोट्या उद्योगाची खेळत्या भांडवलाची गरज अंदाजित वार्षिक उलाढालीच्या शेकडा २५ धरली जाते. त्यापैकी उलाढालीच्या शेकडा ५ उद्योजकाने आणावे आणि किमान शेकडा २० बँकेने द्यावे. सूत्र सोपे असल्याने ते रूढ झाले आहे.

वरील गटाला हे सूत्र लावून पाहावे. उलाढाल २,८८,००० रुपये. शेकडा २० म्हणजे ५७,६०० रुपये. प्रत्यक्ष गरज आहे १,१९,००० रुपयांची, आणि तीही गटाचे ५०,००० रुपये वापरल्यानंतर. वर्षभराचा माल दोन महिन्यांत घ्यावा लागणाऱ्या उद्योगाला सरासरीचे सूत्र अपुरे पडते. साखरेसारख्या हंगामी उद्योगांच्या बाबतीत बँका रोख अंदाजपत्रकावरून गरज ठरवितात, ती याच कारणाने. शेकडा २० हे प्रमाण किमान आहे, कमाल नव्हे. म्हणून हंगामी उद्योजकाने बँकेत जाताना बारा महिन्यांचा तक्ता सोबत न्यावा व परतफेडही त्याच तक्त्याप्रमाणे मागावी. एप्रिलपासूनच समान हप्ते सुरू झाले तर ज्या महिन्यात तूट सर्वाधिक, त्याच महिन्यात हप्ता उभा राहतो. तक्ता हाती असेल तर शाखाधिकाऱ्यालाही मंजुरीचे कारण नोंदविणे सोपे जाते.

कायद्याचा आधार

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ हा कायदा २ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाने पुरविलेल्या मालाचे वा सेवेचे पैसे ठरलेल्या तारखेस द्यावेत, आणि लेखी करार असला तरी ही मुदत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांहून अधिक असू नये, अशी त्यात तरतूद आहे. करार नसेल तर १५ दिवसांत पैसे देणे बंधनकारक आहे. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज द्यावे लागते. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर तो स्वीकारला असे मानले जाते. तक्रारीसाठी सुकरता परिषद आहे आणि तिच्याकडे ऑनलाइन अर्ज करता यावा म्हणून ऑक्टोबर २०१७ मध्ये ‘समाधान’ हे संकेतस्थळ सुरू झाले. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली ‘उद्यम’ नोंदणी विनामूल्य असून बचत गटही ती करू शकतात.

गावचा पुरवठादार आपल्या गिऱ्हाइकाविरुद्ध परिषदेकडे सहसा जाणार नाही, हे खरे आहे. तरीही कायद्याचा उपयोग आहे. बिलावर उद्यम नोंदणीचा क्रमांक आणि देय तारीख छापलेली असली म्हणजे मागणी करणे उपकार मागण्यासारखे राहत नाही.

कार्यालये, पंचायती आणि शाळा

येथवरचे विवेचन उद्योजकाच्या बाजूने झाले. परंतु छोट्या उद्योगाच्या तुटीला पुष्कळदा खरेदीदार कार्यालयच कारण असते. सतरंज्या, गणवेश, फाइली, अल्पोपाहार, कार्यक्रमासाठीचे साहित्य असा माल गट व कारागीर शाळांना, पंचायतींना आणि कार्यालयांना पुरवितात. रक्कम कार्यालयाच्या दृष्टीने लहान असते, म्हणून ते बिल टेबलावर मागे पडते. पुरवठादाराच्या दृष्टीने तीच रक्कम त्याचे संपूर्ण खेळते भांडवल असते. तरतूद नसताना तोंडी मागणी देणे, माल मिळाल्याची पोच न देणे, बिलातील त्रुटी दोन महिन्यांनी कळविणे आणि मग सगळी देयके मार्चअखेर एकदम काढणे, या चार सवयी टाळल्या तर कोणतीही नवी योजना न आखता अनेक उद्योगांना दिलासा मिळेल. बिल आल्यापासून आठवड्याच्या आत त्रुटी कळवावी आणि प्रलंबित देयकांची यादी मासिक सभेपुढे ठेवावी, एवढे ग्रामपंचायतीला सहज करता येईल.

ग्रामपंचायत स्वतः अंदाजपत्रक करते व रोकड वही ठेवते. सरपंच, सदस्य व ग्रामपंचायत अधिकारी यांना जमा-खर्चाची ही भाषा परिचित आहे. गावातील गटाचा बारा महिन्यांचा तक्ता मांडण्यास ते साहाय्य करू शकतात. २०११ पासून राज्यात कार्यरत असलेल्या ‘उमेद’ अभियानात गटांना वह्या ठेवण्याचे शिक्षण दिले जाते. त्या वह्या झालेला व्यवहार सांगतात. त्यांना पुढच्या वर्षाच्या तक्त्याची जोड मिळाली पाहिजे. शिक्षकांना तर हा गणिताचा उत्तम धडा आहे. नववीच्या वर्गाला गावातील किराणा दुकान, दूध संकलन किंवा हळद पूड यांचा कल्पित तक्ता मांडावयास सांगितला तर ऋण संख्या, शेकडेवारी आणि व्याज ही तीनही प्रकरणे एकाच कागदावर येतात, आणि ज्या घरात असा धंदा आहे तेथे तो कागद संध्याकाळी पोहोचतो.

तक्ता जिवंत ठेवणे

अंदाजपत्रक एकदा करून फायलीत ठेवण्यासाठी नसते. प्रत्येक महिन्याच्या अंदाजाशेजारी प्रत्यक्ष आकड्याचा स्तंभ असावा आणि महिनाअखेरच्या बैठकीत दोहोंतील फरक वाचला जावा. विक्री अंदाजाप्रमाणे झाली पण वसुली कमी आली, तर दोष उधारीत आहे. वसुली ठीक पण खर्च वाढला, तर दळण किंवा पाकिटांचे दर पाहावेत. फरक कळताच पुढील महिन्यांचे आकडे नव्याने लिहावेत. पहिल्या वर्षी अंदाज बराच चुकेल. दुसऱ्या वर्षी पहिल्या वर्षाचे प्रत्यक्ष आकडे हाती असल्याने तो कमी चुकेल. वसुली चार महिन्यांवर गेली किंवा हळकुंडांचा भाव चढला तर काय, असे दोन पर्यायी तक्ते सोबत मांडून ठेवावेत.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, हळद अजून उकडली व वाळवली जात असताना, हा कागद तयार असला पाहिजे. तो तयार असेल तर बँकेकडे मागणी वेळेवर जाते, शेतकऱ्यांशी हप्ते ठरविता येतात आणि दुकानदारांना देय तारखा आधी सांगता येतात. एक कागद, एक पेन्सिल आणि महिन्याला तासभर वेळ, एवढाच याचा खर्च आहे. ज्या गावांत असे उद्योग उभे राहिले आहेत, तेथील प्रत्येक कार्यकर्त्याने येत्या हंगामापूर्वी किमान एका गटाबरोबर बसून हा तक्ता मांडावा आणि आपल्या कार्यालयाकडे त्या गटाचे काही देणे असेल, तर ते त्याच आठवड्यात चुकते करावे.